अपडेट तयार आहे, पण तुमच्यासाठी नाही: व्हेरायझनच्या गॅलेक्सी नेक्ससचं प्रकरण

नोव्हेंबर २०१२ मध्ये गूगलने अँड्रॉइड ४.२ आणलं आणि थोड्याच दिवसांत एक विचित्र चूक लोकांच्या लक्षात आली. कॉन्टॅक्ट्समध्ये कुणाचा वाढदिवस भरायला घेतला, की महिन्यांच्या यादीत नोव्हेंबरनंतर थेट जानेवारी यायचा. डिसेंबर गायब. आई किंवा बहीण डिसेंबरात जन्मली असेल तर ती तारीख नोंदवायची सोयच उरली नव्हती. गूगलने चूक कबूल केली आणि महिना संपायच्या आत ४.२.१ पाठवून डिसेंबर जागेवर आणला.

अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे ऑपरेटरकडून, गॅलेक्सी नेक्सस हा फोन घेतलेल्यांना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांच्या फोनवर बाराही महिने शाबूत होते, कारण ४.२ त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते पोचलं मार्च २०१३ मध्ये, ४.२.२ च्या रूपात. मधे चार महिने गेले.

ऑपरेटरची बाजू घेणारा याच घटनेकडे बोट दाखवून म्हणेल, बघा, म्हणूनच आम्ही तपासल्याशिवाय काही सोडत नाही. त्यात तथ्य आहे. पण चूक दोन आठवड्यांत निस्तरली होती, मग पुढचे साडेतीन महिने कशात गेले? हा प्रश्न ग्राहकाचा आहे, आणि त्याला तेव्हा कुणीच उत्तर दिलं नाही. हे प्रकरण उलगडून बघावंसं वाटलं ते त्या न मिळालेल्या उत्तरामुळे.

आधी फोनबद्दल. नेक्सस ही गूगलची स्वतःची मालिका. फोन बनवायचं काम दुसऱ्या कंपनीकडे असायचं, या खेपेला सॅमसंगकडे होतं. पण सॉफ्टवेअर निव्वळ गूगलचं, त्यावर कुणाची रंगरंगोटी नाही, आणि नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी याच फोनवर येणार अशी ख्याती. लोक नेक्सस घ्यायचे ते मुख्यतः याचसाठी. गॅलेक्सी नेक्ससचं अनावरण १९ ऑक्टोबर २०११ ला हाँगकाँगमध्ये झालं, १७ नोव्हेंबरला तो ब्रिटनमध्ये विकायला आला आणि १५ डिसेंबरला अमेरिकेत व्हेरायझनकडे. किंमत २९९.९९ डॉलर, अर्थात दोन वर्षांच्या करारासह.

एकाच नावाचे हे दोन फोन होते. जगभर चालणाऱ्या जीएसएम तंत्राचा एक, आणि व्हेरायझनसाठी सीडीएमए हे निराळं तंत्र व एलटीई, म्हणजे ४जी, वापरणारा दुसरा. व्हेरायझनचा किंचित जाड, आणि त्यात कंपनीची दोन अ‍ॅप्स आधीच बसवलेली. पेटीवर नेक्सस हेच नाव. दुकानात फोन हातात घेणाऱ्याला हे दोन वेगळ्या वाटांनी जाणार आहेत हे कळायला मार्ग नव्हता.

वाटा वेगळ्या झाल्या त्या अशा. मार्च २०१२ च्या अखेरीस जीएसएम नेक्ससला ४.०.४ मिळू लागलं; व्हेरायझनच्या ग्राहकांना त्यासाठी जून उजाडला. जूनच्या शेवटी गूगलने ४.१, म्हणजे जेली बीन, जाहीर केलं. जीएसएमवर ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, व्हेरायझनवर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. ४.२ ची कथा वर सांगितलीच. २४ जुलै २०१३ ला ४.३ आलं, जीएसएम गॅलेक्सी नेक्ससलाही मिळालं. व्हेरायझनच्या फोनला ते अधिकृतपणे कधीच मिळालं नाही. मार्च २०१३ चं ४.२.२ हेच त्याचं शेवटचं सॉफ्टवेअर ठरलं.

त्या काळात फोनधारक रोज काय करत असतील ते डोळ्यांसमोर आणा. सेटिंग्ज, अबाउट फोन, सिस्टिम अपडेट्स. पडद्यावर एक ओळ: तुमची सिस्टिम अद्ययावत आहे. खाली शेवटची तपासणी कधी झाली ती वेळ आणि ‘चेक नाऊ’ हे बटण. दाबलं की क्षणभर चाकासारखं काही फिरतं आणि पुन्हा तीच ओळ. जीएसएमवर जेली बीन येऊन दोन महिने झालेले, आणि हातातला फोन सांगतोय की सगळं अद्ययावत आहे. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त खटकतं ते हे वाक्य. ‘नवी आवृत्ती आली आहे, तुमच्या नेटवर्कची मंजुरी बाकी आहे’ एवढं लिहिता आलं असतं. त्याने अपडेट एक दिवसही लवकर आलं नसतं, पण वाट पाहणाऱ्याला आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे तरी कळलं असतं. लोकांना सुगावा लागायचा तो व्हेरायझनच्या सपोर्ट पानावर अपडेटची माहिती देणारी पीडीएफ दिसली की. ती दिसली की आता फार दिवस नाहीत, असा अंदाज बांधायचा.

आता दुसरी बाजू, आणि ती मी उरकून टाकणार नाही, कारण तिच्यात दम आहे.

फोनचं सॉफ्टवेअर म्हणजे फक्त पडद्यावर दिसणारी चित्रं नव्हेत. त्याच्या तळाशी रेडिओचं सॉफ्टवेअर असतं, जे टॉवरशी बोलतं. व्हेरायझनच्या फोनमध्ये हे काम दुप्पट किचकट होतं. बोलणं जुन्या सीडीएमए जाळ्यावरून जायचं आणि इंटरनेट एलटीईवरून. गाडी एलटीईच्या टापूतून बाहेर पडली की डेटाला तुटू न देता जुन्या जाळ्यावर उतरवायचं, टापू आला की परत वर चढवायचं. ही अदलाबदल नीट झाली नाही तर फोन सिग्नल धरून ठेवत नाही, बॅटरी भराभर उतरते आणि कॉल हुकतात. गॅलेक्सी नेक्ससच्या व्हेरायझन आवृत्तीबद्दल सिग्नलच्या तक्रारी होत्याच. शिवाय आणीबाणीचा ९११ हा क्रमांक प्रत्येक वेळी लागलाच पाहिजे. तिथे ‘पुढच्या अपडेटमध्ये बघू’ म्हणून चालत नाही.

त्यातून व्हेरायझनचं एलटीई तेव्हा कोवळं होतं. डिसेंबर २०१० मध्ये ते सुरू झालं, आणि बरोबर वर्षाने, गॅलेक्सी नेक्सस बाजारात आला त्याच डिसेंबरात, ते तीन वेळा कोलमडलं. अशा वेळी नेटवर्क सांभाळणारे अभियंते हात आखडून बसतात. लाखो फोन एका रात्रीत नवं रेडिओ सॉफ्टवेअर घेऊन जाळ्यावर आले आणि त्यात खोट निघाली, तर शिव्या गूगलला पडत नाहीत. सपोर्टचा फोन वाजतो तो ऑपरेटरच्या कॉल सेंटरमध्ये. म्हणून चाचणी हवी. चाचणीशिवाय सोडा, असं मीही म्हणणार नाही.

मात्र चाचणीचं कारण प्रत्येक गोष्टीला पुरत नाही, हे याच फोनने पहिल्या महिन्यात दाखवून दिलं. गॅलेक्सी नेक्ससमध्ये एनएफसी होतं. फोन टेकवून पैसे देण्यासाठी गूगलचं वॉलेट अ‍ॅप त्यावर चालू शकलं असतं. व्हेरायझनच्या फोनवर ते मिळालं नाही. कंपनीचं म्हणणं, आम्ही अडवत नाही, हे अ‍ॅप फोनमधल्या सुरक्षित चिपशी जोडावं लागतं आणि त्याची बोलणी चालू आहेत. पण त्याच वेळी व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाईल मिळून आयसिस नावाची आपली स्वतंत्र पैसे देण्याची सेवा उभी करत होत्या. (पुढे एका दहशतवादी संघटनेच्या नावाशी गोंधळ नको म्हणून २०१४ मध्ये तिचं नाव सॉफ्टकार्ड केलं गेलं, आणि २०१५ मध्ये तिचं तंत्रज्ञान गूगलनेच विकत घेतलं.) स्टॅनफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक बार्बरा व्हान शेविक यांनी डिसेंबर २०११ मध्ये एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाला पत्र लिहून याची चौकशी मागितली.

त्यांच्या मागणीला आधार होता. व्हेरायझनचं एलटीई ज्या लहरींवर उभं होतं, त्या ७०० मेगाहर्ट्झमधल्या ‘सी ब्लॉक’च्या, २००८ च्या लिलावात घेतलेल्या. त्या लहरींना एक अट जोडलेली होती: ग्राहकाला हवं ते उपकरण आणि हवं ते अ‍ॅप वापरायला अडथळा आणायचा नाही, नेटवर्कच्या वाजवी देखभालीपुरता अपवाद. अट कागदावर ठळक आहे, पण अपडेट उशिरा सोडणं म्हणजे अडथळा आणणं का, याबद्दल तीत अवाक्षर नाही. उशीर हा नकार नसतो. त्यामुळे तो कुठल्याच कलमात सापडत नाही.

तरी एक वाट उरते असं कुणी म्हणेल. अँड्रॉइड तर मुक्त स्रोत. गूगल मूळ कोड खुला करतं, मग ज्याला घाई आहे त्याने स्वतः सॉफ्टवेअर बांधून फोनवर चढवावं. नेक्ससचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम, त्यासाठीच उघडता यायचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये या वाटेवरही दगड निघाला. गूगलने सीडीएमए नेक्ससना खुल्या प्रकल्पातल्या पाठिंबा असलेल्या फोनांच्या यादीतून काढलं. कारण त्यांनीच सांगितलं: सीडीएमएवर फोन चालवायला लागणारे काही भाग तयार अ‍ॅपच्या रूपात, बंद पेटीत येतात, आणि ते चालायचे तर पूर्ण सिस्टिमवर ज्या डिजिटल किल्लीची सही आहे त्याच किल्लीची सही त्यांच्यावरही लागते. तुम्ही स्वतः बांधलेल्या सिस्टिमवर सही तुमची, त्या भागांवर त्यांची. दोन्ही जुळत नाहीत आणि फोन नेटवर्कशी बोलत नाही. हौशी मंडळींनी त्यातूनही मार्ग काढले, पण तो रात्र जागवणाऱ्यांचा उद्योग होता. करारावर सही करून फोन घेतलेल्या शिक्षिकेने किंवा दुकानदाराने असं काही करावं ही अपेक्षाच चूक आहे.

किल्लीचा हा मुद्दा मला मध्यवर्ती वाटतो. फोन विकत घेणारा एक, कोड लिहिणारा दुसरा, यंत्र बनवणारा तिसरा आणि ‘सोडा’ म्हणणारा चौथा. नवी आवृत्ती गूगलकडून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन बनवणाऱ्याकडे आणि मग ऑपरेटरच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे दोष निघाला तर फाइल उलट्या पावली परत फिरते आणि रांग पुन्हा पहिल्यापासून. या चौघांपैकी उशिराचा भुर्दंड कुणाला? गूगलचं नाव थोडं खराब होतं. सॅमसंगला पुढचा फोन विकायचाच असतो. ऑपरेटरचं म्हणाल तर फोन विकून झालेला आणि करार सही होऊन कपाटात गेलेला. नवीन आवृत्ती दिल्याने बिल एका डॉलरने वाढत नाही, न दिल्याने घटत नाही. दिली आणि काही बिघडलं तर मात्र कॉल सेंटरचा खर्च त्याच्या माथी. असा हिशोब असताना कुठलाही व्यवस्थापक ‘अजून एकदा तपासू’ असंच म्हणेल. माणसं वाईट असण्याची इथे गरजच नाही.

ग्राहकाचा हिशोब वेगळा. १५ डिसेंबर २०११ ला ज्याने फोन घेतला, त्याचा करार डिसेंबर २०१३ पर्यंत. त्याच्या फोनला शेवटचं सॉफ्टवेअर मिळालं मार्च २०१३ मध्ये. म्हणजे चोवीस महिन्यांच्या बांधिलकीत सॉफ्टवेअर आलं पंधरा महिने, आणि पुढचे नऊ महिने बिल भरत राहायचं. मधेच सोडून जायचं तर दंड. व्हेरायझनच्या स्मार्टफोन करारावर तो ३५० डॉलरपासून सुरू व्हायचा आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला दहा डॉलरने उतरायचा. पंधरा महिन्यांनंतरही २०० डॉलर उरत. आणि हा पहिल्या दिवशी घेणाऱ्याचा हिशोब झाला. २०१२ च्या उत्तरार्धात ज्याने घेतला तो तर २०१४ पर्यंत बांधलेला.

मे २०११ मध्ये गूगलने आपल्या परिषदेत मोठ्या उत्साहाने एक आघाडी जाहीर केली होती. नव्या अँड्रॉइड फोनला अठरा महिने अपडेट मिळतील, यंत्राने झेपवलं तर, असं त्यात ठरलं. त्या यादीत व्हेरायझनचं नाव होतं, सॅमसंगचंही होतं. अपडेट किती दिवसांत द्यायचं याची मुदत मात्र ठरली नाही, आणि न दिलं तर काय हेही नाही.

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकी नागरी स्वातंत्र्य संघटनेने, म्हणजे एसीएलयूने, व्हेरायझनसह चार मोठ्या ऑपरेटरांविरुद्ध एफटीसी या ग्राहक हिताच्या यंत्रणेकडे तक्रार दाखल केली. संघटनेचे तंत्रज्ञ ख्रिस्तोफर सोगोइयन यांनी ती लावून धरली होती. तक्रारीचा रोख नव्या सोयींवर नव्हता, सुरक्षेवर होता. गूगलने बुजवलेली भोकं ऑपरेटरांनी विकलेल्या फोनांवर उघडीच राहतात आणि हे ग्राहकाला सांगितलं जात नाही. मागणी साधी होती: तसं सांगा, आणि ज्याला बाहेर पडायचं असेल त्याला दंडाशिवाय पडू द्या. मला ही मांडणी फार नेमकी वाटते. चाचणीचा अधिकार कुणी काढून घेत नव्हतं; फक्त उशिराची किंमत ज्याच्या हातात तो उशीर आहे त्याच्याकडे सरकवायचं म्हणत होते.

इथे एक सावधगिरी. सगळं ऑपरेटरच्या माथी मारलं तर प्रकरण चुकीचं वाचलं जाईल. जीएसएम गॅलेक्सी नेक्ससमध्येही दोन जाती होत्या. काही फोनांना अपडेट थेट गूगलकडून यायचं, तर काही देशांत विकलेल्या, बाहेरून हुबेहूब तशाच फोनांना सॅमसंगकडून, आणि तेही रेंगाळत. मधे ऑपरेटरची प्रयोगशाळा नसतानाही उशीर व्हायचा. अ‍ॅपलचा दाखला नेहमी दिला जातो की तिने पहिल्यापासून अपडेट आपल्याच हातात ठेवलं. ते खरं आहे. तरी २०११ मध्ये व्हेरायझनवर आलेल्या सीडीएमए आयफोन ४ ला आयओएस ४.३ मिळालं नव्हतं. त्याची वेगळी शाखा चालू होती, आणि ऑक्टोबरमध्ये आयओएस ५ आल्यावर दोन्ही वाटा एकत्र आल्या. सीडीएमए खरोखरच अवघड जागेचं दुखणं होतं. अ‍ॅपलने ते आठ महिन्यांत मिटवलं, कारण आयफोन नाकारणं कुठल्याही ऑपरेटरला परवडणारं नव्हतं. गूगलकडे तेव्हा तेवढा जोर नव्हता.

गूगलने यातून काय धडा घेतला ते पुढच्याच फोनवर दिसलं. नोव्हेंबर २०१२ चा नेक्सस ४ सीडीएमएसाठी आलाच नाही. मुख्यतः सुटा, करारमुक्त, थेट गूगलकडून विकला गेला. २०१३ च्या नेक्सस ७ टॅबलेटचा एलटीई अवतार व्हेरायझनच्या जाळ्यावर चालण्याजोगा होता, पण सप्टेंबरमध्ये कंपनीने तो चालू करून द्यायला नकार दिला, मंजुरीची प्रक्रिया पूर्ण व्हायची आहे म्हणून. पत्रकारितेचे प्राध्यापक जेफ जार्विस यांनी सी ब्लॉकची तीच अट दाखवून एफसीसीकडे तक्रार केली. मंजुरी आली फेब्रुवारी २०१४ मध्ये.

वारं खऱ्या अर्थाने फिरलं ते २०१५ च्या जुलैत, स्टेजफ्राइट नावाची सुरक्षेतली चूक उघड झाल्यावर. नुसता एक मल्टिमीडिया संदेश पाठवून फोन ताब्यात घेता येईल अशी ती होती, आणि बहुतेक सगळे अँड्रॉइड फोन तिच्या कक्षेत येत होते. गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला तेव्हापासून सुरुवात केली, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख दिसू लागली. मे २०१६ मध्ये एफसीसीने ऑपरेटरांना आणि एफटीसीने आठ उत्पादकांना विचारणा केली की अपडेट कसं ठरतं, किती वेळ लागतो, का लागतो. एफटीसीचा अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. सुरक्षेचं अपडेट बाकीच्या बदलांपासून सुटं करा आणि पाठिंबा किती काळ मिळेल हे ग्राहकाला आधी सांगा, या त्यातल्या ठळक शिफारशी. मधल्या काळात गूगलने अँड्रॉइडची रचनाच बदलायला घेतली होती, चिपशी बोलणारा थर वेगळा काढून. आणि २०१६ चा पहिला पिक्सेल फोन व्हेरायझनकडे विकायला गेला तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला गेला की अपडेट कोण देणार. थोड्या गोंधळानंतर दोन्ही कंपन्यांनी सांगितलं: गूगलच्याच वेळेला, सगळ्यांबरोबर.

आपल्याकडे हे प्रकरण वाचताना मनात येतं की आपला काय संबंध. इथे फोन एकीकडून घ्यायचा, सिम दुसरीकडून. अपडेट अडवायला ऑपरेटर मधे येतो कुठे? बऱ्याच अंशी खरं आहे. पण ऑक्टोबर २०२२ आठवा. एक तारखेला दिल्लीत ५जी चं उद्घाटन झालं, एअरटेलने पहिल्याच दिवशी आठ शहरांत सेवा सुरू केल्याचं सांगितलं, त्यात मुंबई आणि नागपूर होतं. जिओने दसऱ्याला चार शहरांत चाचणी सुरू केली, त्यातही मुंबई. आणि दोन्ही शहरांत आयफोन १२, १३, १४ घेऊन फिरणाऱ्यांच्या पडद्यावर ४जीच. यंत्रात ५जी होतं, वर टॉवर होता, ग्राहकाने पैसे मोजलेले होते. फक्त भारतातल्या नेटवर्कसाठी ते चालू करणारं सॉफ्टवेअर आलेलं नव्हतं. या वेळी उलटं होतं: ऑपरेटर तयार, आणि चाचणी पूर्ण व्हायची आहे असं म्हणत थांबलेला फोनवाला. सरकारलाही त्यात लक्ष घालावं लागलं. अ‍ॅपलने डिसेंबर सांगितला आणि १३ डिसेंबरला आयओएस १६.२ आलं.

अ‍ॅपलने निदान महिना सांगितला होता. नागपूरच्या आयफोनधारकाला ऑक्टोबरातच माहीत होतं की डिसेंबरपर्यंत थांबायचं आहे. २०१२ च्या जुलै-ऑगस्टात व्हेरायझनच्या नेक्ससधारकाला जेली बीनबद्दल एवढंही सांगितलं गेलं नव्हतं.